एकखांबी आणि खणवाले

लेक: ...आणि एक, सर. ती अडली तर अडू द्यायची. मध्येच कुणी शब्द तोंडात घातला की तिचं डोकं फिरतं.

सर: बरं. अजून काही?

लेक: कीव करायची नाही.

सर: मी? अगं, तू जन्मायच्या आधीपासून भांडतोय मी तुझ्या आईशी.

लेक: म्हणून तर दारातच सांगते. हॉस्पिटलात भेटायला आलात तेव्हा तुम्ही तिला म्हणालात, 'अगदी बरोबर आहे तुमचं, बाई.' आयुष्यात पहिल्यांदा! तिला वाटलं आपण आता काही वाचत नाही.

सर: तेव्हा त्या काय बोलताहेत तेच कळत नव्हतं मला. घाबरलो होतो.

लेक: आता कळेल. क्रियापदं सगळी आहेत, विशेषणं आहेत, सर्वनामं आहेत. मेंदूत गुठळी झाली आणि जाताना नेमकी नामं घेऊन गेली. वस्तूंची नावं, माणसांची नावं, सगळी. कधी भलतंच नाव येतं. मला 'उशी' म्हणते.

सर: उशी?

लेक: सवय झालीय. ऑफिसातून फोन केला की विचारते, 'कोण, उशी?' मीही बिनधास्त 'हो' म्हणते. शेजारचे माझ्याकडे बघत बसतात. ...सर, तुमच्या मागे काय हलतंय?

सर: पंडिता.

लेक: शेळी? शेळी घेऊन आलात?

सर: घरी एकटी राहत नाही. प्रयोगशाळेतून निवृत्त झाल्यापासून माझ्याकडेच असते. मी दिसलो नाही की दार ठोठावत बसते. मागे अंगणात सोडतो ना तिला, फाटक लावून.

लेक: आईच्या कुंड्या आहेत तिथे... जाऊ दे, सोडा. यंत्राला सांगते लक्ष ठेवायला. ऐकलंस ना रे?

यंत्र: मागच्या अंगणावर लक्ष ठेवत आहे.

सर: हे कोण बोललं?

लेक: आम्ही ऑफिसात बनवतो तेच. आईसाठी घरी आणलंय. तिचा शब्द अडला की सुचवतं.

सर: आत्ता तर म्हणालीस, शब्द पुरवायचे नाहीत.

लेक: माणसांनी पुरवायचे नाहीत. यंत्रावर तिला ओरडता येतं.

बाई: कोण आहे? उशी, कुणाशी कुजबुजतेस?

सर: मी आलोय, बाई.

बाई: तुम्ही! या, या. बसा. त्याच्यावर नको, ते डुगडुगतं! ह्याच्यावर. हं. वाळलात.

सर: तुम्ही मात्र छान दिसताय.

बाई: खोटं. इकडचं वाकडं झालंय. पण हसता येतं. हे बघा.

सर: येतंय की. पूर्वीइतकंच भीतिदायक.

बाई: घेणार ना? ते... काळं. कडू. तुम्हाला मनाई आहे आणि तुम्ही चोरून पिता ते.

यंत्र: कॉफी?

बाई: गप रे! येत होतं!

लेक: मी टाकते. दोघांनी भांडण सुरू करायचं नाही, मला इथून नीट ऐकू येत नाही.

सर: भांडायला नाही आलो. बाई, संस्थेतून फोन आला होता. नव्या विद्यार्थ्यांची तुकडी आलीय. पुढच्या आठवड्यात आपला तो वाद.

बाई: हं.

सर: दरवर्षी आपण दोघं त्यांच्यासमोर उभे राहतो. तुम्ही म्हणता, बुद्धी एकच असते, तंबूला मधला खांब असतो तशी. माणूस असो, जनावर असो, यंत्र असो, कमी-जास्त उंचीचा तोच खांब. मी म्हणतो, खांब-बिंब काही नाही, कपाटाला खण असतात तशी बुद्धी, एका खणाचा दुसऱ्याशी संबंध नाही. मग विद्यार्थी हात वर करून कौल देतात.

बाई: मला कशाला सांगताय? मी विसरले नाहीये. फक्त म्हणता येत नाही. तुम्ही मला चिडवायचा, एक... एक उभं...

सर: एकखांबी.

बाई: आणि मी तुम्हाला, ती ओढून उघडायची...

सर: खणवाले.

बाई: पुरवलंत!

सर: चुकलो, चुकलो. सवय नाही मला गप्प बसायची. तर मी त्यांना कळवलंय की यंदा वाद नको. पुढच्या वर्षी बघू.

बाई: का?

सर: मला... घसा बरा नाही माझा.

बाई: मी बोलणार.

लेक: आई!

बाई: तू तिकडे काळं कर. मी बोलणार.

लेक: तिकडे काय काळं कर? आई, सगळं सभागृह भरलेलं असतं. पोरं वयानं लहान, कुणी फिदीफिदी हसलं तर? आणि हसली नाहीत, नुसती खाली माना घालून बसली, तर ते मला बघवायचं नाही.

बाई: तुला कुणी बोलावलंय?

लेक: सर, तुम्हीच सांगा हिला.

बाई: ते काय सांगणार? ते जिंकलेत. तुम्हाला कळलं का, तुम्ही जिंकलात?

सर: मी? कधी?

बाई: उशी, सांग यांना. ती... माझी... मीच बनवलेली, आणि मलाच दिली!

लेक: तिची चाचणी, सर. आई नोकरीला लागली तेव्हा तिनं पहिली बुद्धिचाचणी बनवली होती, ती अजून हॉस्पिटलात वापरतात. ती घ्यायला आलेल्या मुलीला पत्ताच नाही की समोर कोण बसलंय. ती आपली समजावून सांगतेय, 'आजी, घाबरायचं नाही हं, यात पास-नापास काही नसतं.'

सर: आणि बाई?

लेक: बाईंनी निमूट सोडवली. म्हणाली, दुसऱ्या भागातला तिसरा प्रश्न बनवला तेव्हाच मला आवडला नव्हता.

बाई: वाईट आहे तो. अजून तसाच ठेवलाय! पण ऐका. ऐका तर. नावं सांगायची ती सगळी चुकली. शून्य. आणि जुळवायचं, फिरवून बघायचं, पुढचं ओळखायचं, ते सगळं बरोबर! एकही चुकलं नाही. कळलं?

सर: काय कळलं?

बाई: एकच असतं तर सगळं पडलं असतं ना? मी म्हणत आले, सगळं बरोबरीनं चढतं, बरोबरीनं उतरतं. नाही उतरलं! एक पूर्ण रिकामं, बाकीची भरलेली. ती ओढून उघडायची. तुमची. मी चूक होते, तुम्ही बरोबर. इतकी हसले मी तिथे, त्या बिचारीला वाटलं परत काहीतरी झालं.

लेक: खरंच नर्सला बोलावलं होतं तिनं.

सर: बाई, असं नसतं. तुमचा खांब पूर्ण शाबूत आहे. बुद्धी तीच, तेवढीच. फक्त बाहेर यायचं एक दार अडकलंय.

बाई: ते माझं आहे! तुम्ही माझं बोलताय!

सर: मग बरोबरच होतं ते तुमचं.

लेक: थांबा. कॉफी सांडेल माझ्या हातून. तुम्ही दोघांनी बाजू बदलल्या?

बाई: मी नाही. मला दिसलं तसं मी म्हटलं. यांनी बदलली.

सर: मीही उगाच बदलली नाही. शेळ्यांचे जुने निकाल पुन्हा काढून बघितले मी. साधारणपणे, ज्या शेळ्या कडी उघडण्यात हुशार होत्या, त्याच चारा कुठे लपवलाय ते लक्षात ठेवण्यातही हुशार निघाल्या. म्हणजे खांब दिसतोच, साधारणपणे.

बाई: साधारणपणे?

सर: हो.

बाई: किती?

सर: आता नक्की असं... पण बऱ्यापैकी.

बाई: खोटं.

सर: बाई...

बाई: खरं असतं तेव्हा तुम्ही 'साधारणपणे' म्हणत नाही. खरं असतं तेव्हा किती, कधी, कितव्यांदा, सगळं तोंडावर फेकता आणि वर खिदळता. काढलेच नाहीत तुम्ही ते. काढलेत?

सर: ...नाही.

बाई: गाढव!

लेक: आई! नाम आलं!

बाई: येतात ती. चिडले की येतात. गाढव, बैल, रेडा! माझ्यासाठी खोटं? तुम्ही? 

सर: तुम्हाला बरं वाटावं म्हणून. दुसरं काय करणार होतो मी? तुम्हाला तसं बसलेलं बघून घरी गेलो ना, त्या दिवशी पंडिताला चारा घालायचाही विसरलो.

बाई: सगळे येतात. हळू बोलतात. असं, असं करतात, वर-खाली. मी काहीही म्हटलं तरी हो. परवा मी मुद्दाम म्हटलं, दोन आणि दोन सात. तो तुमचा, टकला, शिकवतो तो, काय म्हणाला ठाऊक आहे? 'वा, छान!' 

सर: विभागप्रमुख म्हणाला असं?

बाई: वा, छान! मला वाटलं, येतील. एक जण तरी येईल आणि म्हणेल, नाही. चूक. तुम्ही एकटे होतात नाही म्हणणारे. आणि तुम्ही आलात आणि हो म्हणालात. मी आहे ना इथे? गेलेय का मी?

लेक: आई, बस. शांत हो.

बाई: शांतच आहे. यांना विचारतेय. गेलेय का?

सर: नाही गेलात. बाई, तुम्ही चूक आहात.

बाई: काय?

सर: चूक आहात म्हटलं. चाचणीवरून जो निष्कर्ष काढलात तो कच्चा आहे. पहिल्या वर्षाच्या पोरानं काढला असता तर तुम्ही त्याला उभा केला असता. तंबूची एक खुंटी उपटली की त्या बाजूचं कापड फडफडतं. म्हणून मधला खांब नव्हताच, असं ठरतं का?

बाई: हं.

सर: 'हं' काय? उत्तर द्या. एक माणूस, एक आजार, एक चाचणी, आणि ती चाचणीही घरचीच. एवढ्यावर तुम्ही मला जिंकवणार? असला फुकटचा विजय मला नको. माझे खण मी माझ्या मेहनतीनं सिद्ध करीन.

बाई: अजून.

सर: अजून काय? तुम्ही खुशीत येऊन हरलात. हरण्यातसुद्धा घाई केलीत. शास्त्रज्ञाला शोभत नाही ते.

बाई: हं! आता आलात तुम्ही. आता बसा. प्या ते. उशी, यांना गोड घाल, दोन.

लेक: एकच घालते. आता माझंही ऐका. तुमच्या दोघांच्या भांडणात हे यंत्र कुठे बसतं? आईची चाचणी मी यालाही दिली होती. सगळ्या भागांत पहिलं. नावं, आकृत्या, गणितं, काही चुकलं नाही. मग याचा खांब आपल्या सगळ्यांपेक्षा उंच म्हणायचा?

सर: कागदावरचा खण मोठा आहे त्याचा, एवढंच. सगळे प्रश्न कागदावरचेच ना? माझी पंडिता त्या चाचणीत पहिल्याच प्रश्नाला कागद खाऊन टाकील. म्हणून ती मठ्ठ?

लेक: मठ्ठ नाही. पण तुमचं यंत्राला काही येतं म्हटलं की लगेच 'तो वेगळा खण' असं असतं. मग हरणार कधी तुम्ही?

सर: बघा, कुणाची मुलगी शोभते!

बाई: मध्ये बोलू नका, ती बरोबर विचारतेय.

यंत्र: मागचं फाटक बंद आहे. शेळी अंगणातच आहे.

लेक: शाबास. बघितलंत, सर? आपण विसरलो, पण ते लक्ष ठेवून आहे.

सर: हो. फक्त पंडिता तुझ्या पाठीमागे उभी आहे.

लेक: अगं बाई! ही कुठून आली? अगं ए, सोड, ओढणी सोड माझी!

यंत्र: मागचं फाटक बंद आहे.

लेक: बंद आहे रे बाबा, बंदच आहे! ही पुढून आली. बाजूच्या मोकळ्या बोळातून, सगळ्या घराला फेरी मारून, पुढच्या दारानं. मीच उघडं ठेवलं असणार सर आले तेव्हा. तुला अंगणावर लक्ष ठेवायला सांगितलं तर तू फाटकच बघत बसलास का?

सर: असू दे, ओरडू नकोस त्याला. मीही फाटकच लावून निर्धास्त झालो होतो. पंडिता, इकडे ये. बाई, माफ करा हं, तुमच्या कुंडीतलं काहीतरी आहे तिच्या तोंडात... बाई? काय झालं?

बाई: थांबा. थांबा, कुणी बोलू नका. ती अडली.

सर: हो, फाटक लावलं होतं.

बाई: अडली. तिथून नाही म्हणून मग ती... असं. अशी. मी पण अडते. येत नाही ते, बंद. मग मी तिथेच उभी राहते का? नाही. मी अशी जाते. काळं, कडू, मनाई आहे, आणि पोचते. तुम्हाला कळतं. ती पण पोचली. तेच आहे ते. ते... ते...

यंत्र: शेळी? फाटक? घर?

बाई: नाही!

यंत्र: बोळ? कुंपण? कॉफी?

लेक: बंद करते याला.

बाई: राहू दे, तो पण धडपडतोय. ते... फिरून. लांबून. समोरून नाही, बाजूनं...

सर: बाई, मला ठाऊक आहे. जीभ चावून बसलोय मी.

बाई: नाही. येईल. ...फिरून जाते ना, ते. ...नाही येत. सांगा. आज एकदाच.

सर: वळसा.

बाई: वळसा! हो! वळसा. तेच. तुमची ओढायची नकोत आणि माझं उभंही नको. वळसा. अडल्यावर घालता येतो तो. तिचा वेगळा, माझा वेगळा, पण घालणं एकच.

लेक: आई, किती छान सुचलं गं तुला!

सर: मला मान्य नाही.

लेक: सर!

बाई: गप, उशी. का मान्य नाही?

सर: ओढ्यात मधे दगड आला की पाणीही वळसा घालतं. पाण्याला बुद्धी आहे म्हणायचं?

बाई: अरे वा! वा, वा. ...थांबा हं.

सर: थांबलोय. हवा तेवढा वेळ घ्या. पण सोडणार नाही.

बाई: त्याला पोचायचं नसतं.

सर: काय?

बाई: ते वाहतं. अडलं तर अडलं, कुठेही गेलं तरी त्याला चालतं. तिला चालत नव्हतं. तिला इथेच यायचं होतं, तुमच्याकडे. म्हणून तो वळसा. पोचायचं असेल तरच.

सर: हं. ठीक आहे. बरं आहे. पूर्ण पटलं नाही, पण बरं आहे. आणि यंत्र?

बाई: ते अडतच नाही. काहीही विचारा, लगेच सांगतं. अडत नाही ते वळणार कुठून?

लेक: अडतं गं! तुम्हाला घरात दिसत नाही एवढंच. परवा ऑफिसात आम्ही त्याला एक खोली राखून ठेवायला सांगितली. नोंदणीची यंत्रणा बंद पडलेली. मी म्हटलं आता हात टेकेल. तर यानं रखवालदाराचा फोन नंबर शोधला आणि त्यालाच नम्रपणे विचारलं, खोली रिकामी आहे का. कुणी शिकवलं नव्हतं.

सर: वळसा घातला म्हण की.

लेक: चक्क घातला.

बाई: पण पोचायचं होतं का त्याला? का आपलं ते वाहतं तसं?

लेक: ते... आई, ते मला सांगता येत नाही. ऑफिसात रोज यावर भांडणं होतात आमची. कुणालाच सांगता येत नाही.

बाई: मग तेच विचारायचं पुढच्या आठवड्यात. सगळ्यांसमोर. तुम्ही कळवा त्यांना, घसा बरा झाला.

सर: एका अटीवर. तिथे मी तुम्हाला सांभाळून घेणार नाही. पाण्याचा मुद्दा मी सगळ्यांदेखत काढणार, आणि याहून वाईट दोन मुद्दे येताना गाडीत सुचतील मला.

बाई: काढा. 

लेक: आणि पोरं हसली तर?

बाई: हसतीलच. मी हसवणार आहे.

(पुढच्या आठवड्यात, वाद संपल्यावर. सभागृहामागची छोटी खोली. भिंतीपलीकडे विद्यार्थ्यांचा गलका.)

लेक: आधी टेक इथे. पाणी घे. सर कुठे राहिले?

बाई: मोजताहेत तिकडे. तू कुठे होतीस? दिसली नाहीस.

लेक: सगळ्यात मागे, खांबाआड. पहिली पाच मिनिटं डोळे मिटूनच घेतले होते मी. तू उभी राहिलीस आणि काही बोललीच नाहीस.

बाई: अडले होते.

लेक: मला वाटलं, सगळे खाली माना घालून बसले असणार. मग तू म्हणालीस, 'माझं सगळं आहे, फक्त नावं गेलीत. तुमच्याकडे असतील तर उसनी द्या.' आणि कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळेच हसले, आणि मी डोळे उघडले.

बाई: तो पहिल्यांदा हसला ना, तिथे पुढे, लांब केस...

लेक: 'केस' म्हणालीस.

बाई: म्हणाले? जाऊ दे. तो आधी हसला. चांगला आहे.

लेक: आणि शेळीचं सांगताना परत अडलीस, 'ती फिरून जाते ना, ते...' म्हणालीस, तर अख्खं सभागृह ओरडलं, 'वळसा!' मला वाटलं आता सर काही बोलणार नाहीत, टाळ्या होतील, संपेल. तर हे उठले आणि म्हणाले, 'पाण्याचं काय?'

बाई: उठणारच.

लेक: पोरं किती भडकली! मागून आवाज येत होते, 'बोलू द्या त्यांना, बसा खाली.' आणि तू पोरांनाच झापलंस!

बाई: मग? ते बरोबर विचारत होते.

लेक: त्यांचा तो दुसरा मुद्दा मात्र जरा निर्दयच होता, आई. 'ज्यांना कुठे पोचायचंच नसतं, नुसतं बघत बसायचं असतं, ती माणसं बुद्धिहीन का?' तुला उत्तर आलं नाही त्याचं.

बाई: नाही आलं. चांगला होता. आता आठवडाभर तोच... घोळवत बसणार मी.

लेक: ती चष्मेवाली मुलगी आठवते? उठून विचारलं तिनं, 'बाई, तुमची नावं गेली आणि तरी तुम्ही त्याच राहिलात, तर मग तो वळसा घालणारं नक्की कोण आहे?' माझ्या शेजारी दोघं बसली होती, त्यांनी वही मिटून टाकली आणि नुसती तुझ्याकडे बघत राहिली.

बाई: मी काय म्हणाले?

लेक: विसरलीस? 'ते मला ठाऊक नाही, पण ते मजेत आहे' म्हणालीस.

बाई: हो. खरं तेच.

सर: येऊ का?

लेक: या, सर. लागला कौल?

सर: लागला. दोनदा मोजायला लावलं मी. बाई...

बाई: सांगा.

सर: खण जिंकले.

बाई: किती?

सर: बऱ्यापैकी, सा—

बाई: तुम्ही 'साधारणपणे' म्हणालात तर मी उठून मारीन.

सर: त्र्याण्णव माझ्या बाजूनं, एकेचाळीस तुमच्या. दोघांनी हात वर केले नाहीत, एक झोपला होता. साफ हरलात. तो लांब केसवालाही माझ्याच बाजूनं. बाहेर मला धरून म्हणाला, बाईंचं ऐकताना फार आवडलं, पण पोचायच्या इच्छेचं त्यांना शेवटपर्यंत सिद्ध करता आलं नाही. 

लेक: काय पोरं आहेत! एवढं सगळं बघून, एवढं हसून, हात मात्र... आई? आई, अगं रडतेस काय? सर, बघा ना, मी म्हटलं होतं की नाही? आई, पुढच्या वर्षी परत उभी राहू आपण, हं? एवढं मनाला लावून घ्यायचं नाही.

बाई: नाही गं. वेडी. त्यांनी सगळं ऐकलं... आणि मग नाही म्हणाले.